पोचल्याचं कार्ड

माझ्या नातीनं स्वतःच्या नावाचा एक पत्ता विकत घेतलाय. घर नाही, जमीन नाही, नुसता पत्ता, तोही इंटरनेटवरचा. त्या पत्त्यावर आलेली ईमेल आपोआप तिच्या दुसऱ्या पेटीत जाऊन पडावी अशी तिनं व्यवस्था केली होती, आणि ती काही पडत नव्हती. तीन दिवस पोरगी स्वतःच स्वतःला ईमेल पाठवत बसली. शेवटी म्हणाली, "आजी, हे तिकडून इकडं येतंय आणि इकडून परत तिकडं जायलंय. नुसतं गोल फिरायलंय." मी शेंगा सोलत होते. म्हणलं, "एकीकडचा अर्ज रद्द करायचा राहिला असेल." तिनं बघितलं तर तसंच निघालं. तेव्हापासून आजीला संगणक कळतो असा तिचा समज झालाय, आणि मी तो दुरुस्त केलेला नाही. या वयात फुकटचा मान कोण परत करतं?

मला कळतं ते एवढंच, आणि तेही लतीफचाचांमुळं कळलं. फार उशिरा कळलं, ही गोष्ट वेगळी.

लतीफचाचा आमच्या पोस्टात टपालाची छाननी करायचे. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं पोस्ट. दोन खिडक्या, एक कपाट, आणि भिंतीला लागून लाकडी खणांची मोठी मांडणी. एकेका खेड्याला एकेक खण. सकाळी एसटीतून थैली उतरायची, चाचा तिचं तोंड सोडायचे आणि उभ्यानं पत्रं खणात टाकायला लागायचे. खणाकडं बघायचे नाहीत. बघायचे पत्राकडं, आणि हात आपोआप जायचा. मे महिन्यातही गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला खाकी कोट. एका खिशात बडीशेप, दुसऱ्यात कोरी पोस्टकार्डं. निजामाच्या टपालात पोरवयात लागलेले. निजाम गेला, राज्य बदललं, जिल्हा कधी या भाषेत तर कधी त्या भाषेत लिहून यायला लागला, पण चाचा त्या खणांसमोरून हलले नाहीत. जुन्या पेन्शनरांची उर्दू पत्तेवाली पाकिटं तेवढी तेच वाचायचे. आम्ही ती उलटी धरून त्यांच्याकडं द्यायचो.

घरी जाताना त्यांची एक सवय होती. पोस्टाच्या भिंतीवरच्या लाल पेटीच्या फटीत चार बोटं घालून आतून चाचपायचे. थांबायचे. मग चालायला लागायचे. "कवा कवा चिठ्ठी झडपेलाच अडकून ऱ्हाती," म्हणायचे. "टाकणारा समजतो, गेली. ती हितंच लटकलेली."

मी तिथं क्लार्क म्हणून लागले तेव्हा बाविशीत होते. ब्याऐंशी साल असेल. माझ्या नेमणुकीचं पाकीट आमच्या दारात पोस्टमननं स्वतः आणून दिलं होतं आणि आईनं त्याला पेढा दिला होता. त्यामुळं पाकीट म्हणजे दारात येतंच, असं माझं ठाम मत होतं. माझ्याजवळ दोन गोष्टी होत्या. शाळेत बक्षीस मिळालेलं अक्षर आणि नियमांचं पुस्तक. पुस्तकाला मी खाकी कव्हर घालून वर लेबल लावलं होतं. त्या मुलीला आज रस्त्यात बघितलं तर मी पलीकडच्या बाजूनं जाईन.

पहिल्याच महिन्यात एक कार्ड आलं. पत्ता म्हणून एवढंच लिहिलेलं: "दगडू, बहिणीकडं गेलाय तिथं." मी नियमाप्रमाणं त्यावर 'अपुरा पत्ता' लिहायला पेन उघडलं. चाचांनी कार्ड माझ्या हातातून अलगद काढून घेतलं, शिक्का बघितला, बडीशेप तोंडात टाकली.

"पोखर्णीच्या रोडवरचा दगडू," म्हणाले. "बहीन राणीसावरगावला दिलीय. जवारी काढाया गेला आसंल."

"पण चाचा, हा काय पत्ता झाला?"

"त्याला ठाऊक हाय तो कुठं हाय. लिवणाऱ्याला ठाऊक हाय. आपल्याला तेवढं ठाऊक करून घ्यायचं."

कार्ड राणीसावरगावच्या खणात पडलं. आठवड्यानं दगडू पोस्टात दुसरं कार्ड घ्यायला आला तेव्हा मी त्याच्याकडं रागानं बघितलं. बिचाऱ्याला कारण कळलं नसेल.

पण चाचांची जी गोष्ट मला खरी खुपायची ती वेगळी होती. छाननी करताना ते एखादं पत्र गावच्या खणात न टाकता बाजूला, टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवायचे. त्याची नोंद कुठंच नसायची. विचारलं तर म्हणायचे, "हे लोकं आता तिथं न्हाईत."

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून जे झालं त्यात काही घरं गावं सोडून निघाली होती. आमच्या घरात हा विषय 'ते दिवस' या दोन शब्दांत सुरू होऊन तिथंच संपायचा. त्यामुळं पोस्टात लागेपर्यंत मला एवढंसुद्धा सुचलं नव्हतं की, माणसं गाव सोडतात तेव्हा त्यांचं टपाल गावातच येत राहतं. चाचांना पहिल्या आठवड्यातच सुचलं होतं. ही पत्रं गावच्या थैलीत जाऊ द्यायची नाहीत. गेली तर तिथं कुणीतरी पाकिटावर नवा पत्ता लिहिणार, म्हणजे ती माणसं कुठं राहतात ते गावाला कळणार. म्हणून आमच्याच पोस्टात थांबवायची. कागदावर काही नाही. सगळं डोक्यात. नऊ-दहा घरं, त्यांची जुनी गावं, आताचे पत्ते, कोण कुणाकडं राहतंय, कोण कामासाठी कुठं गेलंय. घर हललं की चाचांच्या डोक्यातला पत्ता हलायचा.

आणि यावर त्यांची तपासणी असायची. ज्या घरांचं टपाल आमच्याकडून पुढं दुसऱ्या गावच्या पोस्टात जायचं, त्यांच्या नावानं, जुन्या गावच्या पत्त्यावर, चाचा खिशातलं एक कोरं कार्ड टाकायचे. मजकूर एकच: "पोचलं का? लतीफ." कार्ड आमच्याकडून फिरून पुढं जायचं, आणि तिकडून कुणीतरी दुसऱ्या कार्डावर "पोचलं" लिहून धाडायचं. आठ दिवसांत ते आलं नाही तर चाचा एसटीत बसून स्वतः जायचे आणि कुठं अडलं ते शोधायचे. त्यांना स्वतःला कधी कुणाचं पत्र आल्याचं मला आठवत नाही. आली ती सगळी एका शब्दाची.

मी हसायचे. स्वतःच्या खर्चानं काय हा उद्योग. एकदा म्हणलंही, "चाचा, आपण थैलीत टाकलं म्हणजे आपलं काम झालं."

"चिठ्ठी गाडीत बसली म्हंजे पोचली आसं न्हाई, बाई. उतरली का बघावं लागतं."

त्या घरांपैकी एक लक्ष्मणरावांचं. त्यांची मुलगी सुमन. माझ्याच वयाची, माझ्याच वर्षी मॅट्रिक झालेली. निकाल लागल्या लागल्या तिनं सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवलं, आणि महिन्याभरात त्यांना गाव सोडून आमच्याकडं, वेशीबाहेरच्या वस्तीत यावं लागलं. तिच्या नोंदणीच्या कार्डावर पत्ता जुन्या गावचा राहिला. बदलायचा तर रेशनकार्ड दाखवा म्हणत, आणि रेशनकार्ड घरासोबतच जळून गेलं होतं. नव्यानं नाव घालायचं तर आधीच्या वर्षांचा नंबर जाणार. तेव्हा नोकरीचा कॉल नंबराप्रमाणं यायचा. म्हणजे सुमनच्या साऱ्या आशा अशा एका पत्त्यावर येणार होत्या जिथं ती पुन्हा पाय ठेवणार नव्हती. मधे फक्त लतीफचाचा.

तेवढ्यात मधे मी आले.

लक्ष्मणरावांना परभणीत जिनिंगमध्ये काम लागलं आणि घर तिकडं निघालं. या वेळी मी चाचांना म्हणलं, हे डोक्यातलं बंद. टपाल पुढं पाठवायचं तर रीतसर अर्ज घ्यायचा, रजिस्टरला नोंद करायची, मुदत तीन महिने. पोस्टमास्तरांनी मान डोलावली, कारण त्यांना माझं अक्षर आवडायचं. सुमननं अर्ज लिहिला, लक्ष्मणरावांनी खाली सही केली. सावकाश, जीभ दातांत धरून. माझ्या रजिस्टरची ती पहिली नोंद. मी ती दोन रंगांच्या शाईत केली. चाचा बघत होते. म्हणाले, "मस्त दिसायलंय."

दीड महिन्यात जिनिंगचं काम थांबलं आणि घर परत आमच्या गावात, वेशीबाहेरच्या वस्तीत आलं. निघताना सुमननं परभणीच्या पोस्टात शहाण्यासारखा अर्ज दिला की, इथं आमचं काही आलं तर तिकडं धाडा. आमच्याकडं मात्र जुना अर्ज तसाच उभा. चाचांना ती आल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं.

"बाई, सुमनचं घर वापस आलंय. रजिस्टरातलं काटा की."

"लेखी द्यायला सांगा. सही वडिलांची. अर्ज त्यांचा होता."

"बाप कालव्याच्या कामावर गेला. म्हैनाभर तरी येत न्हाई. पोरगी सोता येऊन सांगती."

"नियम आहे, चाचा."

ते खणांकडं वळले. नाहीतरी छाननी त्यांच्याच हातात होती. पाकीट आलं असतं तर त्यांनी माझ्या रजिस्टरला न विचारता ते कोपऱ्यावर ठेवलं असतं, हे आम्हां दोघांनाही माहीत होतं. पण त्याच आठवड्यात त्यांचा मोतीबिंदू काढायचं ठरलं. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन आता लांबवता येत नव्हतं. जाताना त्यांनी खणांवरून हात फिरवला आणि मला परत म्हणाले, "तेवढं काटा, बाई."

चाचा महिनाभर नव्हते. त्यांच्या जागी परभणीहून बदली माणूस आला. तो नावं वाचायचा, मी रजिस्टर बघायचे. आमचं लय छान जमलं.

सुमन एक दिवसाआड खिडकीत यायची. पोरगी तोंडानं तिखट होती. मी सांगायचे, आलं तर पोस्टमन आणून देईल. एकदा ती थांबली.

"बाई, तुमच्या रजिस्टरात मी परभणीत हाय. खिडकीत मी हितं हाय. यातली खरी कोन्ती?"

"रजिस्टरातली," मी म्हणलं.

मागं उभा असलेला एकजण हसला. मला वाटलं, माझ्या बाजूनं हसला.

चाचा परत आले ते डोळ्यांवर सावलीसाठी हिरवी पट्टी आणि भिंगासारखा चष्मा घेऊन. डॉक्टरांनी अजून आठ दिवस थांबायला सांगितलं होतं, ते थांबले नाहीत. पहिल्याच सकाळच्या थैलीतून त्यांनी एक लांब खाकी पाकीट काढलं, नाकाला लावून वाचलं, उलटं केलं, आणि बराच वेळ मागचे शिक्के मोजले. मग माझ्या टेबलाशी येऊन ते पाकीट ठेवलं. बडीशेप खाल्ली नाही.

पाकीट सुमनच्या नावाचं. मूळ पत्ता तिच्या गावचा. तो खोडून वर परभणी, माझ्या अक्षरात. परभणीच्या पोस्टानं ते खोडून आमच्या गावची वस्ती लिहिलेली. त्यांचं काही चुकलं नव्हतं, त्यांच्याकडं सुमनचा अर्ज होता. ते खोडून पुन्हा परभणी, माझ्या अक्षरात. पुन्हा आमचं गाव. तिसऱ्या वेळी पाकिटावर जागा उरली नव्हती म्हणून मी पांढरी पट्टी चिकटवली होती, कडा अगदी सरळ, आणि तिच्यावर परत परभणी. परभणीनं तेही खोडलं होतं, आणि ते पट्टीवालं पाकीट परत आमच्यापुढं होतं. मागं दोन्ही पोस्टांचे शिक्के एकमेकांवर चढलेले.

आणि मला आठवलं. पट्टी लावताना मी ते खालचं अक्षर बघितलं होतं. माझं आहे हेही कळलं होतं. बघून मला वाटलं होतं, किती नीट लिहिलंय.

पाकीट गोल फिरत असताना सुमन माझ्यापासून चार हातांवर, खिडकीच्या पलीकडं उभी होती.

चाचांनी मला सोबत नेलं. जबरदस्ती केली नाही, फक्त चप्पल घालून दारात थांबले. सुमन उंबऱ्यावर तांदूळ निवडत होती. तिनं हात पुसून पाकीट घेतलं, फोडलं, वाचलं. एका सरकारी दवाखान्यातली कारकुनाची जागा. हजर राहायची तारीख नऊ दिवसांपूर्वीची. तिनं कागद होता तसा घडी केला. मग पाकीट उजेडात धरलं.

"चाचा, ही पट्टी कुनी लावली?"

चाचा माझ्याकडं बघेनात.

"मी," म्हणलं.

"लय चांगलं अक्षर हाय तुमचं," सुमन म्हणाली, आणि सूप परत मांडीवर घेतलं.

त्यापुढं चाचांनी जे केलं ते मी दुरून बघितलं, आणि दुरून बघण्याबद्दल आज मला काही चांगलं म्हणता येत नाही. त्यांनी पोस्टमास्तरांना विनंती केली की उशीर पोस्टाकडून झाला एवढं एका कागदावर लिहून द्या. पोस्टमास्तरांनी माझा जबाब मागितला. मी नवी होते, मला कायम व्हायचं होतं. दीड पान लिहिलं. 'पत्ता बदलाचा लेखी अर्ज प्राप्त नसल्याने नियमानुसार कार्यवाही करण्यात आली.' एकही खाडाखोड नाही. त्या जबाबानंतर पोस्टमास्तरांनी कागद द्यायचं टाळलं. चाचा चिडले नाहीत. जबाब वाचून, चष्मा पुसत एवढंच म्हणाले, "खरं लिवलंय तुमी."

मग ते सुमनला घेऊन, ते पाकीटच पुरावा म्हणून घेऊन, परभणीला गेले. पट्टी बांधलेला म्हातारा आणि ती. दवाखान्याच्या कचेरीतल्या माणसानं शिक्के मोजले म्हणे, अगदी मन लावून मोजले, आणि म्हणाला, पोस्टाचं पोस्ट जाणे, जागा भरली. सेवायोजनमध्ये कळलं की कॉलला गैरहजर राहिल्यामुळं तिचा नंबर गेला. नव्यानं नाव घाला. पाच वर्षांची वाट अशी एका रकान्यात संपली. चाचा आणखी तीन खेपा गेले. तिसऱ्या खेपेला सुमन गेली नाही. "तुमी जावा चाचा," म्हणाली, "मला वावरात जायचंय."

लक्ष्मणराव शेवटी कालव्यावरून आले. त्यांनी पोस्टात येऊन माझ्यासमोर अर्जावर सही केली, जीभ दातांत धरून. मी रजिस्टरमधली नोंद काटली. पट्टीनं, सरळ रेघ मारून.

ती माणसं वर्षभरानं औरंगाबादच्या बाजूला गेली. जाताना सुमन चाचांना भेटून गेली. पत्ता पक्का नव्हता, तिथं गेल्यावर बघू म्हणाली. चाचांनी खिशातलं एक कोरं कार्ड तिला दिलं. "नोकरीचं आलं की एवढंच लिव. पोचलं. मला कळंल."

त्यानंतर मी चाचांच्या हाताखाली खरी छाननी शिकले. खणांकडं न बघता टाकायला शिकले. कोपऱ्यावर ठेवायला शिकले. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले, पण दर सोमवारी यायचे, टपाल लागल्यावर. बाकावर बसायचे. "काय हाय?" विचारायचे. मी म्हणायचे, "नाही चाचा." एकदा मनात आलं, आपणच एक कार्ड लिहून टाकावं. एकच तर शब्द. पण त्या माणसाला माझं अक्षर पाठ होतं. तेवढा फायदा त्या बक्षिसाचा झाला.

विद्यापीठाचं नाव शेवटी बदललं तेव्हा मी हेड क्लार्क होते. विद्यापीठाला नव्या नावानं धाडलेली पाकिटं यायला लागली, जुन्या नावाचीही बरीच वर्षं येत राहिली. दोन्ही बरोबर पोचायची. मी एकेक हातात घेऊन बघायचे आणि औरंगाबादच्या खणात टाकायचे.

तोवर चाचा आमच्या गावात नव्हते. त्याच्या काही वर्षं आधी त्यांची मुलगी त्यांना नांदेडला घेऊन गेली. डोळे जवळजवळ गेले होते. निघायच्या आदल्या दिवशी ते पोस्टात आले, पण आत आले नाहीत. खिडकीसमोरच्या रांगेत उभे राहिले, चौथे. मी हाक मारली, "चाचा, रांगेत कशाला, आत या." त्यांनी हातानंच थांब म्हणून सांगितलं. नंबर आला तशी घडी केलेला कागद खिडकीतून सरकवला. रीतसर अर्ज. 'माझ्या नावे येणारे टपाल खालील पत्त्यावर पाठवावे.' नातवाकडून लिहून घेतलेला. खाली सही उर्दूत, ओळ सोडून वर चढलेली.

"चाचा, तुम्हाला कोण पत्र लिहितं?"

"कोन न्हाई," म्हणाले. "पन ती पोरगी लिवंल तर हितंच लिवंल. तिला हाच पत्ता ठाऊक हाय." मग खिडकीच्या गजाला तोंड लावून हळू विचारलं, "कागद पक्का हाय ना, बाई? सही चालंल?"

मी म्हणलं, चालेल.

"मुदत तीन म्हैने. मग?"

"मग मी करते."

दर तीन महिन्यांनी मी ती नोंद नवी केली. निवृत्त होताना पुढच्या पोरीला सांगून आले. तिनं नियम विचारला.

त्या दिवशी चाचा नातवाचा हात धरून पायऱ्या उतरले. लाल पेटीपाशी थांबले. हात सोडवून घेतला, चाचपत फट शोधली, चार बोटं आत घातली. नेहमीपेक्षा जास्त वेळ तसेच उभे होते. मागं पत्र टाकायला आलेला माणूस वाट बघत थांबला होता. मग बोटं काढली, कोटाला पुसली, आणि त्या माणसाला म्हणाले, "टाका. मोकळी हाय."